चाकरमानी, मेहमान आणि पर्यटक

मुंबईतला कोकणी माणूस, मग तो मुसलमान असो की हिंदू, एक तर 'गावाला' जातो किंवा 'फिरायला' जातो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाला जायचं म्हणजे बाणकोट, म्हसळा, दाभोळ, राजापूर, जिथं आपलं घर आहे तिथं. फिरायला जायचं म्हणजे महाबळेश्वर, उटी, काश्मीर, जिथं आपलं कुणी नाही तिथं. माटुंग्याला माझ्या वर्गात मे महिन्याच्या सुट्टीआधी विचारलं, तर निम्मी मुलं अजूनही 'गावाला' असंच सांगतात. पण गेल्या काही वर्षांत एक तिसरं उत्तर ऐकू यायला लागलंय. "टीचर, आम्ही दिवेआगरला रिसॉर्टमध्ये जाणार." ज्या मुलाने हे सांगितलं त्याचं मूळ गाव दिवेआगरहून तासाभराच्या अंतरावर आहे. घर आहे, पण बंद. चावी कुवेतला असलेल्या काकांकडे. म्हणून आपल्याच मुलखात, भाड्याच्या खोलीत, पर्यटक म्हणून मुक्काम.

त्या मुलाच्या आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण यजमानाचे गिऱ्हाईक कसे झालो, याला बराच मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या घराघरांतून गेलेला आहे.

कोकणचा किनारा परक्या माणसाला नवा नाही. बगदादचा प्रवासी अल-मसऊदी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला, म्हणजे तेव्हाच्या सैमूरला, येऊन गेला. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच चौलच्या बंदरात उतरला. बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचे हाजी दाभोळहून जहाजात बसायचे. दाभोळच्या लोकांनी किती मुसाफिर जेवू घातले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेवायचा असतो, असं कुणाला वाटलंही नसेल.

शिवाय उरूस आणि जत्रा होत्याच. केळशीचा याकूबबाबांचा दर्गा, रत्नागिरीजवळच्या हातिसचा बाबरशेखांचा उरूस. या ठिकाणी हिंदू-मुसलमान दोघंही गाड्या जुंपून यायचे, रात्र काढायचे, मिठाई आणि खेळणी घेऊन परतायचे. पर्यटन हा शब्द शाळेच्या पुस्तकात नंतर आला. उर्दूत त्याला 'सियाहत' म्हणतात, तोही भारदस्त शब्द. आपल्या आजीला यांतला एकही माहीत नव्हता, पण उरुसाला कुणाच्या ओटीवर पथारी टाकायची ते तिला पक्कं ठाऊक होतं.

खरा बदल आगबोटीने केला. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून कोकणच्या बंदरांना आगबोटी नियमित सुरू झाल्या आणि गिरणीत, गोदीत, जहाजावर कामाला गेलेला माणूस वर्षातून एकदा घरी येऊ लागला. तोच चाकरमानी. रत्नागिरी जिल्ह्यातले आपले पुरुष मोठ्या संख्येने विलायती कंपन्यांच्या बोटींवर खलाशी आणि तांडेल होते. जंजिऱ्याच्या हबसाण भागातून निघालेली काही घराणी तर थेट केपटाऊनला जाऊन वसली, आणि आजही तिथं स्वतःला कोकणीच म्हणवतात. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं पडावातून काठावर यायचं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला. दाभोळला उतरलेला माणूस वाशिष्ठीच्या खाडीतून पार चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत पाण्यानेच जायचा. बाणकोटहून सावित्रीच्या खाडीने दासगावपर्यंत. खाडीकाठची आपली गावं आज आडबाजूला वाटतात, पण तेव्हा ती रस्त्यावरची गावं होती, कारण रस्ताच पाण्याचा होता.

पावसाळ्यात बोटी बंद. त्या आधीची शेवटची बोट आणि पावसानंतरची पहिली बोट हे गावातले सणच. रेवससारख्या जवळच्या मार्गावर पावसातही बोट धावायची आणि त्याची किंमतही मोजावी लागली. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. पंधरा ऑगस्टचा धडा शिकवताना मी वर्गात हेही सांगते, कारण पाठ्यपुस्तकात ते नाही आणि काही मुलांच्या घरात अजून त्याची आठवण आहे.

शेवटच्या काळात मुंबई-गोवा मार्गावर 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या दोन बोटी होत्या, आणि त्या चालवत होती मोगल लाइन. तीच मोगल लाइन, जिच्या 'अकबर' आणि 'नूरजहाँ'ने आपले आजी-आजोबा जिद्दाला गेले. या बोटींच्या डेकवर १९७० नंतरच्या दशकात एक वेगळाच प्रवासी दिसू लागला. लांब केसांचा, अनवाणी, पाठीवर पिशवी. हे गोरे हिप्पी गोव्याला चालले होते. आपल्या लोकांना बोट लागायची, उलट्या व्हायच्या. ते मात्र रात्रभर गिटार वाजवायचे, असं बुजुर्ग सांगतात. परदेशी पर्यटकाने कोकणचा किनारा पहिल्यांदा पाहिला तो असा, बोटीच्या कठड्याला टेकून. तो रत्नागिरीला उतरला नाही. उतरला असता तर काय झालं असतं कोण जाणे. गोव्याचं पुढे जे झालं ते बघता, बरंच झालं असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पण त्यांचं म्हणणं समजू शकते.

बोटी बंद पडल्या आणि खाडीकाठाला कुलूप लागायला सुरुवात झाली. मुंबई-गोवा महामार्ग किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या बाजूने गेलेला. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली, सुमारे ७४० किलोमीटरची. फार मोठं काम, यात शंका नाही. दादरहून रात्री 'तुतारी'त बसलं की झोपेत गाव येतं. पण माणगाव, खेड, चिपळूण ही स्टेशनंही आतच आहेत. मंडणगड आणि दापोली तालुक्याला तर रेल्वे शिवलीच नाही. जी गावं आगबोटीच्या काळात दाराशी होती, ती रेल्वेच्या काळात परसात गेली. त्याच सुमाराला घरातला कर्ता पुरुष आखातात गेला, पाठोपाठ बायकामुलं मुंब्र्याला, कुर्ल्याला किंवा मीरा रोडला आली. आखाताच्या पैशातून गावात दुमजली घर उठलं, रंगीत काचांची खिडकी आली आणि मग त्या खिडकीतून बाहेर बघायला कुणी उरलं नाही.

किनाऱ्याने जाणारा रस्ता हवा, हे ज्यांनी ओळखलं ते अ. र. अंतुले. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. १९८० मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना पुढे रेटली. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हाही त्यांच्याच कारकिर्दीत, १ मे १९८१ ला झाला. सागरी महामार्गाचे तुकडे झाले, पण मोठ्या खाड्यांवरचे कित्येक पूल चार दशकं कागदावरच राहिले. ती उणीव काही अंशी भरून काढली गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटींनी. दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली. मग वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी. दापोलीहून गुहागरला जायला जो चिपळूणचा मोठा वळसा पडायचा तो वाचला. मुंबई-पुण्याचा मोटारवाला माणूस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरू लागला तो खरा या फेऱ्यांमुळे. पुढे १५ मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट निघाली. ज्या धक्क्यावरून आपले लोक ट्रंका घेऊन निघायचे, तिथून आता मोटारी निघतात.

हा मोटारवाला माणूस नातेवाईक नव्हता. त्याला झोपायला खोली हवी होती आणि तो पैसे देणार होता.

त्याचं स्वागत कुणी केलं? गणपतीपुळ्याला, तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने निवास बांधले. हे महामंडळ १९७५ चं. सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. पण सरकारी निवासापेक्षा जास्त काम साध्या घरांनी केलं. महामंडळाने 'निवास व न्याहारी' नावाची योजना आणली. आपल्या राहत्या घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्याला द्यायच्या, सकाळची न्याहारी द्यायची, नोंदणी करायची. मालवण, गुहागर, दिवेआगर, मुरुड इथल्या बागायतदारांनी माडा-सुपारीच्या वाडीत खोल्या काढल्या. ज्या बाईने आयुष्यभर चाकरमान्यांना आंबोळ्या घातल्या, तीच आता पुण्याच्या कुटुंबाला घालू लागली. फरक इतकाच, की महिन्याच्या शेवटी तिच्या हातात पैसे होते.

दिवेआगरचं उदाहरण मी मुद्दाम थोडं सविस्तर सांगते. तिथं नोव्हेंबर १९९७ मध्ये एका वाडीत खोदताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाकडे भाविकांची रीघ लागली. घरोघरी खोल्या झाल्या. २४ मार्च २०१२ ला दरोडेखोरांनी मुखवटा लुटला, दोन रखवालदारांचे जीव घेतले आणि गर्दी ओसरली. गाव मात्र बसलं नाही, कारण समुद्र होता, सुपारीच्या बागा होत्या, मोदक-भाकरी करणारे हात होते. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि त्या बागाच आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात अनेकांचं घर चाललं ते पर्यटकांच्या खोल्यांवर. एकाच आधारावर गाव उभं राहत नाही, हे दिवेआगरने दोनदा सोसून पाहिलं.

आता आपल्या खाडीपट्ट्याकडे येऊ. सावित्री, वाशिष्ठी, जयगड, जैतापूर, राजापूर. निसर्ग तोच, पाणी तेच, घरं तर कित्येकदा मोठी. तरी पाहुण्यांसाठी उघडलेली आपली घरं बोटावर मोजण्याइतकी. मुरुड-जंजिऱ्याला राजपुरीहून किल्ल्यात नेणाऱ्या शिडाच्या होड्या आहेत, कलालबांगडी तोफेची गोष्ट सांगणारे वाटाडे आहेत, पण त्यांचं पर्यटन दोन तासांचं. किल्ला बघून मोटार निघून जाते, रात्रीचा मुक्काम आणि जेवण दुसरीकडे.

असं का, हे मी नात्यातल्या लोकांना विचारत आले. सगळ्यात प्रामाणिक उत्तर बाणकोट खाडीवर राहणाऱ्या माझ्या एका खालाच्या घरात मिळालं. मुलगे बाहेर, नवरा गेलेला, सात खोल्यांचं घर. तिने दोन खोल्या द्यायचं ठरवलं तेव्हा मोठे चाचा म्हणाले, "मेहमानाच्या ताटाचे पैसे घ्यायचे? आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही." चाचांना हलक्यात घेऊ नका. ज्या माणसाने आयुष्यभर उतारूला फुकट जेवू घातलं, त्याला हा प्रश्न पडणारच. खाला शांतपणे म्हणाली, "मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा, भाईजान. हे एका रात्रीसाठी आलेत आणि भाडं विचारून आलेत. हे मेहमान नाहीत, मुसाफिर आहेत. मुसाफिरखान्यात आपण पैसे भरतोच की." चाचा दोन महिने बोलले नाहीत. मग एकदा पाहुण्यांना खाडी दाखवायला स्वतःच होडी घेऊन गेले. आजही भाड्याचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात. तेवढं चालायचंच.

खालाच्या घरी पाहुण्यांना तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली मच्छी आणि सकाळी सांदण मिळतं. मालवणी जेवण मुंबईत गल्लोगल्ली झालं. आपली अखनी आणि सांदण मात्र लग्नाघरापलीकडे गेलं नाही. खाण्यासाठी माणूस आज शंभर मैल मोटार हाकतो, ही गोष्ट आपल्या बायकांना कुणी सांगितलेलीच नाही.

बाकीच्या अडचणीही खऱ्या आहेत. दारू, घरातल्या बायकांचा पडदा, अनोळखी पुरुषांची ये-जा. खालाने दारावर पाटी लावली आहे: फक्त कुटुंबांसाठी, मद्यपान चालणार नाही. तिला वाटलं होतं, कुणी येणारच नाही. उलट लहान मुलं असलेली, वृद्ध आईवडिलांना घेऊन निघालेली कुटुंबं ती पाटी बघूनच येतात, त्यांत मुसलमान कमी आणि इतर जास्त. पाण्याची अडचण मात्र पाटीने सुटत नाही. खाडीकाठच्या कित्येक गावांत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात. शहरी माणूस नळ सोडून दात घासतो. खालाने न्हाणीघरात बादली ठेवली आहे आणि शॉवर काढून टाकला आहे. पावसाचं पाणी साठवायची टाकी आधी, खोल्या नंतर, असा क्रम हवा.

आणि समुद्र. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शाळा-महाविद्यालयांच्या सहलींवर कडक नियम आले आणि शिक्षक म्हणून मला ते योग्यच वाटतात. ओहोटीचं पाणी कसं ओढतं, कुठल्या जागी उतरू नये, हे स्थानिक माणसाला जितकं कळतं तितकं कुठल्याही फलकाला नाही. घरात पाहुणा ठेवणाऱ्याने चहाबरोबर भरती-ओहोटीची वेळ सांगायलाच हवी.

पण सगळ्यात मोठी अडचण यांपैकी कुठलीच नाही. ती सातबाऱ्यावर आहे. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस वीस, वाटणी कधी झालीच नाही. काहींची नावं चढली, काहींची नाहीत, आणि बहिणींची तर हक्कसोड पत्रावर सही घेऊन काढूनच टाकली. घर उघडायचं तर सगळ्यांची संमती हवी, ती मिळत नाही. विकायचं म्हटलं की मात्र दलाल एकेकाला गाठतो, आखातात फोन लावतो, आणि वीसपैकी बारा जण तयार होतात. सागरी महामार्गाच्या पुलांची कामं हलायला लागल्यापासून हे दलाल खाडीपट्ट्यात जास्त दिसू लागले आहेत. आज जो वाडा आपल्याला ओझं वाटतो, तो विकत घेणारा तिथं काय करणार आहे? खोल्याच काढणार आहे. किनारा नियमनाचे नियम १९९१ पासून आहेत, भरतीरेषेजवळ नवं बांधकाम सहज होत नाही. त्यामुळे पाण्याजवळ आधीपासून उभ्या असलेल्या जुन्या घराची किंमत आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. विकण्याआधी एकदा उघडून बघा. वारसांची नावं लावून घ्या, त्यांत बहिणींची आधी. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद कुणाच्या नावे आहे ते तपासा. जी बहीण, भाबी किंवा विधवा चाची गावात खरोखर राहते, तिच्या नावाने निवास-न्याहारीची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणलं, त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. ज्यांना कर्ज आणि व्याज नकोच, त्यांनी दोन खोल्यांपासून स्वतःच्या पैशाने सुरुवात करावी. खालाने तेच केलं. तिचा पहिला खर्च दोन गाद्या, एक पंखा आणि संडासाची दुरुस्ती, इतकाच होता.

या सुट्टीत जे गावाला जाणार आहेत त्यांनी घराची कौलं आणि वाशांना लागलेली वाळवी बघून घ्या. मिरगाच्या आत कौलं चाळून झाली पाहिजेत. आणि माणूस आताच सांगून ठेवा. मे महिन्यात आयत्या वेळी गवंडीही मिळत नाही आणि सुतारही.